ढालीचं बटण

सावद्याला स्टँडमागे माझं दुरुस्तीचं दुकान,
आणि माणसं मला बटणांवरून कळतात.

ज्याचा चौकोन गुळगुळीत, तो नुसता तलवार हाणत सुटणारा.
ज्याचा गोल झिजला, तो लोळण घेऊन निसटणारा.
बोदवडच्या एका वकिलाच्या कंट्रोलरवर
फक्त नकाशाचं बटण खचलं होतं.
वर्षभर हिंडला असेल गडी त्या जंगलात,
कुणाला मारलं नाही.

रुबाब तडवीचा कंट्रोलर उघडला
तर आत केळीचा चीक,
काळा पडलेला, स्क्रूच्या आट्यांत बसलेला.
कपड्यावरून हा डाग जात नाही,
सर्किटवरून स्पिरिटनं जातो.

"बटण चांगलं हाये भो," तो म्हणाला,
"बोटच नाही."
डाव्या हाताची तर्जनी,
मागच्या पोळ्याच्या आधी, घड कापताना.
ढाल नेमकी तिथेच, डावीकडे वर.
मधलं बोट जातं, पण उशिरा,
आणि समोरचा राक्षस काही थांबत नाही.

मी त्याचा खेळ लावून पाहिला.
एक्केचाळिसावी पातळी.
कौशल्याचं झाड पडदाभर उघडलं:
बुंध्याशी आग, वर वीज,
एका फांदीला विष उतरवायची विद्या,
बाकी निम्म्या फांद्या विझलेल्या
आणि तेवीस गुण शिल्लक, तसेच.
"हे कायले राखून ठेवले?"
"चुकीच्या जागी गेले तर?"
"सोनं दिलं की परत मिळतात ना रे."
हसला नुसता.

अकरा वर्षं टोळीत.
आधी पानं आवरायची, मग घड वाहायचे, मग कापायचे.
चौथी पायरी कुठे आहे
ते मुकादमालाही ठाऊक नाही.
इथे मेलेल्या प्रत्येक लांडग्यामागे
एक पिवळा आकडा उडतो
आणि कुठेतरी जमा होतो.

मग त्यानं उभं राहूनच दाखवलं,
माझ्या काउंटरपुढे, गुडघे किंचित सैल करून:
"वरचा दांडा तोडतो, घड सुटतो,
खाली खांदा आपला.
आधी वाकलास तर घड मातीत,
उशिरा वाकलास तर कंबर गेली.
टेकतो ना खांद्याला, त्याच वक्ताला.
ह्या ढालीचं तेच हाये.
लवकर धरली तर नुसता मार अडतो.
बरोब्बर धरली
तर त्याचीच तलवार त्याच्यावर उलटते."

मी मागच्या झाकणाला भोक पाडलं,
जुन्या माउसमधलं एक बटण काढून
अनामिकेखाली बसवलं.
केसाएवढ्या दोन तारा, दोन थेंब कथील.
डिंक वाळेपर्यंत तो काही बोलला नाही.

खेळायला बसला तेव्हा
मी पडद्याकडे नाही, त्याच्या हाताकडे पाहत होतो.
राक्षसानं गदा उचलली
की आधी थोटकं हलायचं.
नसलेलं बोट जुन्या जागी जायचं,
तिथून रिकामं परत यायचं,
मग अनामिकेला आठवायचं.
तेवढ्यात पडदा काळा.

सात वेळा मेला.
आठव्यांदा चहा आला, म्हणून मेला.
नवव्या वेळी थोटकं जागेवर राहिलं
आणि खण्ण असा आवाज झाला,
शेजारच्या झेरॉक्सवाल्यानंही मान वळवली.
राक्षस मागे कोलमडला,
छाती उघडी, गदा हातातून सुटलेली.
एक घाव पुरे होता.

रुबाबनं काहीच दाबलं नाही.
बघत राहिला.
राक्षस सावकाश उठला, गदा शोधली,
आणि त्याला मारून गेला.

"आलं," तो म्हणाला.

एकशे ऐंशी झाले होते, त्यानं दोनशे दिले.
सुट्टे शोधायला मी गल्ला ओढला
तर म्हणे राहू द्या, पुढच्या वेळी धरा.
जायच्या आधी झाड उघडलं
आणि एक गुण कुठेतरी लावला.
कुठे, ते मी पाहिलं नाही,
एक बाई चार्जर घेऊन उभ्या होत्या.
कोपऱ्यातला आकडा तेवढा दिसला:

बावीस.