गैरहजेरीची दिलगिरी

दर महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी सात.
क्लिदरोच्या चर्चमागच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते,
कुलूप मात्र अजून ग्लेनिसचंच ऐकतं.
दार जरा उचलून धरायचं, मग खांद्यानं लोटायचं.
"आत सासू बसलीय असं समज, नेली."
नलिनीची नेली होऊन मला एकोणीस वर्षं झाली.

आधी हीटरच्या मीटरात नाणी.
मग चहाचा बंब. त्याला उकळायला पाऊण तास लागतो
आणि उकळला की सभेत तोच सगळ्यांत मोठ्यानं बोलतो.
खुर्च्या बावीस. आम्ही येतो तेरा.
एकदा मी चौदाच मांडल्या,
तर हिल्डानं कोट काढायच्या आधी
भिंतीजवळच्या आठ ओढून आणल्या, एकेक करून,
कुणाला हात लावू न देता.

पहिला विषय ठरलेला:
गैरहजेरीची दिलगिरी.
मला हसू यायचं सुरुवातीला.
मिरजेला आई भिशी चालवायची,
सोळा बायका, ना वही ना पावती,
आणि जी यायची नाही तीच वर रुसून बसायची,
"एक निरोप धाडवला नाही तुमच्यानं?"
इथे फोन करून कळवतात.
एडनाचा गुडघा. पर्वीनची रात्रपाळी.
मर्टलच्या कुत्रीला पिल्लं, सहा, एक अशक्त.
मी सगळं लिहून घेते.
ही वही आधी हिल्डाकडे असायची.
तिचा हात कापायला लागला तेव्हा
तिनं ती माझ्या पिशवीत सरकवली, कांद्यांच्या वर,
आणि बसथांब्याकडे निघून गेली.

शिल्लक एकशे बारा पौंड चाळीस पेन्स.
उन्हाळी जत्रेत केकच्या टेबलावर कोण बसणार,
बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह
काउन्सिलनं बंद करायला काढलंय,
त्याबद्दल सातवं पत्र कोण लिहिणार.
सातवंही मीच.

भांडण झालं ते चटणीवरून.
माझ्या हिरव्या टोमॅटोच्या चटणीला
हिल्डानं दुसरा नंबर दिला.
"तिखट म्हणून नाही. बरणीवर तारीख नाही म्हणून."
पहिला तिच्या चुलतबहिणीला.
मी दोन सभांना गेले नाही.
वही ग्लेनिसच्या दारातल्या फटीतून आत टाकली,
फोन वाजू दिला,
दिलगिरी कसली कळवतेय.

तिसऱ्या महिन्यात गेले, कारण किल्ली माझ्याकडेच राहिली होती
आणि तेवढा दुष्टावा मला जमला नाही.
वही टेबलावर होती. मागची दोन पानं
हिल्डाच्या हातची, प्रत्येक अक्षर थरथरलेलं,
ओळ डोंगर चढून उतरलेली.
दोन्ही पानांवर तेच:
दिलगिरी, नेली.
मी न मागितलेली,
तिनं माझ्या नावानं मागून ठेवलेली.
मी काही बोलले नाही. तीही नाही.
बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला फक्त,
आल्याची वर होती.

हिल्डा जानेवारीत गेली.
फेब्रुवारीत आम्ही मिनिटभर उभ्या राहिलो.
बंब तेव्हाही बोलत होता,
बंद करायला कुणी उठलं नाही.
त्या रात्री स्वयंपाकघरात बसून मी पान लिहिलं.
हजर, अकरा.
दिलगिरी, एडना, गुडघा. पर्वीन, रात्रपाळी.
पेन थांबलं नाही.
हिल्डा.
कारणाची जागा कोरी ठेवली.

मार्चमध्ये ग्लेनिसनं मागचं इतिवृत्त वाचलं, मोठ्यानं,
नेहमीच्या भरधाव सुरात.
त्या नावाशी आली. चष्मा कपाळावर चढवला,
परत नाकावर आणला.
"काही दुरुस्ती?"
अकरा बायका, अकरा रिकाम्या खुर्च्या.
मर्टलनं नाक शिंकरलं.
"मंजूर," ग्लेनिस म्हणाली, आणि सही केली.

पुढचा विषय, स्वच्छतागृह.
आठवं पत्र.
मी हात वर केला.