डावी गाठ

आचाओच्या धक्क्यावर, ओहोटीच्या वेळी,
जाळी वाळत घातलेली असतात
तेव्हा लहान पोरही बोट ठेवून सांगतं :
हे ओतिलियाचं.

माझी गाठ उलटी बसते.
सगळ्यांचा दोरा वरून येऊन उजवीकडे वळतो,
माझा डावीकडे. एवढंच.
पण एवढ्याशानं
माझं फाटलेलं जाळं दुसऱ्या कुणाच्या हातून सांधलं जात नाही.
बोटं अडखळतात, शिव्या देतात,
आणि शेवटी माझ्याच अंगणात आणून टाकतात.

शाळेत सिस्टर हेर्त्रुदिसनं
हा हात लोकरीच्या मोज्यात घालून बांधला होता, दोन हिवाळे.
उजव्यानं अक्षरं काढली,
ती अजूनही भाड्याच्या घरात राहिल्यासारखी दिसतात.
आई म्हणायची, चारचौघींसारखी वाग.
बाबा म्हणायचे, राहू दे गं,
माशाला कुठे कळतं गाठ कुणीकडून मारलीय.

मला मात्र कळत होतं.
डावललेलं पोर आतल्या आत
स्वतःसाठी एक उंच खुर्ची करून घेतं.
मीही केली.
लग्नांत, गाव मिळून बटाटे काढायचं तेव्हा,
चुलीभोवती माते चहाचा एकच पेला हातोहात फिरताना
मी त्या खुर्चीवरून खाली बघायचे :
तुम्ही सगळे एकसारखे,
एका टोपलीतले बटाटे.
(आमच्या बेटावर बटाटे जांभळे असतात, काळे असतात,
बोटांसारखे वाकडे असतात,
एकासारखा दुसरा नसतो.
हे मला तेव्हा कधी सुचलं नाही.)

कास्त्रोच्या हॉटेलवाल्या बाईनं
माझं एक जाळं तिप्पट पैसे मोजून नेलं.
भिंतीवर टांगलं. खाली पितळी पाटी :
एकमेव.
दोन वर्षांनी गेले बघायला.
त्यात सापडली होती धूळ,
आणि मासा नाही, एक माशी.

गेल्या मे महिन्यात लेमुईहून होडीनं दोरालिसा आली,
खांद्यावर गोणी.
वडिलांचं जाळं, माळ्यावर पडून होतं,
आता मुलाला हवंय म्हणे.
मी उलगडलं
आणि हात तिथेच राहिला.
गाठी माझ्या होत्या.
डांबरात बुडवलेल्या सुती दोऱ्यात,
मी जन्मायच्या आधीच्या.

खरं सांगते, आनंद नाही झाला.
घरी परतावं
आणि आपल्या पलंगावर कुणी निजून गेल्याची खळगी दिसावी,
तसं झालं.
मग वाटलं, पलंग तरी माझा कुठला?
आधी तर तो होता.

"डावखुरे होते का?"
"छे," दोरालिसा म्हणाली, "चांगले उजवे.
रहाटात तीन बोटं गेली,
मग चाळिशीत बसून डाव्यानं शिकले.
फार वैतागायचे."

वैतागायचे.
मी ज्याचा झेंडा करून फिरले
ते त्यांचं दुखणं होतं, हळूहळू सवयीचं झालेलं.
खुर्चीचा एक पाय हलला.
मी काही बोलले नाही. सुई भरली.

अंधार पडेपर्यंत बसले होते.
परक्याचं जाळं पहिल्यांदाच माझ्या हाताशी भांडलं नाही.
त्यांची गाठ संपायची तिथून माझी सुरू व्हायची,
मध्येच त्यांची एक चुकलेली सापडायची,
घाईतली, किंवा त्या दिवशी बोटांच्या जागा ठणकत असतील.
ती मी सोडवली नाही. तशीच ठेवली.
एकदा उगाच डोळ्यांत पाणी आलं,
कांदा चिरताना येतं तसं, नाव नसलेलं.

दोरालिसानं जाळं दिव्याखाली धरलं,
भोक शोधलं, सापडलं नाही.
"किती द्यायचे?"

ती पितळी पाटी आठवली मला.
हातांना डांबराचा वास येत होता.

"नेहमीचेच," म्हटलं.