खाली काय पडलं होतं

पहिल्या कार्यक्रमानंतर अण्णांनी एवढंच विचारलं,
"खाली काय पडलं होतं?"

अशोक चौकातलं कार्यालय, राजमल्लू गुंड्यांच्या पोरीचं रिसेप्शन,
ऑर्केस्ट्रातले आम्ही सात जण
आणि मी टोकाला, स्पीकरच्या आडोशाला,
दोन तास स्वतःच्या बोटांवर पहारा देत.
एक सूर चुकला नाही, हे मी त्यांना ओरडून सांगितलं.
ओरडूनच सांगावं लागतं,
पस्तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढून
कान तिकडेच ठेवून आलेत ते.
म्हणाले, "नसेल चुकला. मला दिसलं ते सांगतो.
चिल्लर सांडलेल्या माणसासारखा दिसत होतास."

मग कपाटाच्या आरशासमोर सुरू झालं.
मोबाइलमधल्या गिटारवाल्यांसारखे पाय फाकवले,
मान झटकली, एकदा गुडघ्यावर बसलो
तर बहीण म्हणाली, काटा गेला का रे पायात?

आई दाराशी विड्या वळत होती.
मांडीवर सूप, समोर टीव्ही.
पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा, पान, तंबाखू,
आणि डोळे मालिकेतल्या सासूवर.
विचारलं, न बघता कसं जमतं?
ती म्हणाली, बघत बसले तर हजार कधी होणार?

त्या रात्रीपासून तिच्याशेजारी गिटार घेऊन बसलो.
महिनाभरात त्या सासूचं सगळं कारस्थान पाठ झालं.
बोटांचं बोटांनी बघून घेतलं.

जानेवारीत गड्ड्यात कार्यक्रम होता.
होम मैदानावर धूळ, थंडी, पाळण्यांचा कर्कश आवाज,
दुसऱ्या रांगेत मफलर बांधलेले अण्णा.
तिसऱ्या गाण्यात मी मान वर केली.
समोर माणसं होती!
एक बाई पोराला भजी भरवत होती, थांबली.
मी एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं,
तिसऱ्याला वायर पुरली नाही
आणि पिन निसटली.

हाताला कळलं, पण हात थांबला नाही.
मुश्ताकनं ड्रमवरून डोळे मोठे केले.
मी अण्णांकडे बघत होतो, अण्णा माझ्याकडे,
आख्खं कडवं मी मुक्या तारा छेडत होतो
आणि त्यांची मान डोलत होती,
कशाच्या तालावर, ते सिद्धेश्वरालाच ठाऊक.
मग वाकलो, सावकाश, काही न हरवल्यासारखा,
पिन खोचली, पुन्हा उभा राहिलो.

घरी जाताना त्यांनी भाजक्या शेंगांची पुडी घेतली.
म्हणाले, "ते मधे पुढं येऊन वाजवलंस ना,
ते सगळ्यांत झकास."
मी सांगायला तोंड उघडलं
आणि दोन शेंगदाणे टाकले त्यात.

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेत गेलो,
वीस फुटी वायर आणली.