तबला इकडं आहे

तापकीर गल्लीत उभं राहायलाही जागा मागावी लागते.
वायरींची वेटोळी, पंख्यांची पाती, डोक्याला लागणारी झुंबरं,
आणि काचेखाली हारीने मांडलेले ते:
काड्यापेटीएवढे, निळे, चंदेरी,
एक तर चक्क गुलाबी.

"फोनवर वाजतं की, काका," फैजान म्हणाला.
वाजतं ना.
मध्येच मुलगी वाजते, बँक वाजते, गॅसवाला वाजतो,
आणि मालकंस अर्धाच राहतो.
मला एकच काम करणारी वस्तू हवी.
एकतीस वर्षं मीही एकच काम केलं,
भोसरीला, दीडशे टनी प्रेसवर.

मग अटी सांगितल्या.
बटणं खरी पाहिजेत, दाबली की टक् करणारी,
खिशात हात घालून न बघता ओळखू येणारी.
काचेवर बोट घासणं नको; माझ्या अंगठ्याला
रेघाच उरलेल्या नाहीत, आधारवाल्यांनी तीनदा परत पाठवलं.
मागे चाप हवा, बनियनला अडकवायला.
चार्जिंग दोन दिवस तरी टिकावं.
"यात दहा हजार गाणी बसतात."
दहा हजारांचं काय करू रे?
माझ्याकडे एकशे बारा आहेत.

त्याने चंदेरी काढला. इयरफोन जोडले, रबरी टोप्या
तीन मापांच्या, छोट्या पुडीत, शर्टाच्या जादा बटणांसारख्या.
मी पाकिटातून कार्ड काढलं, भाच्याने भरून दिलेलं.
म्हटलं, हेच लाव.
खंडेनवमी, चौऱ्याण्णव साल, कँटीनमधला कार्यक्रम,
मशीनींना झेंडू आणि आम्हाला सुट्टी.

दिघे गातायत. भामऱ्यांची पेटी, तिचा तो फाटका भाता.
एक बाक सरकला.
बाकी काही नाही.
"तबला कुठं गेला?"
फैजानने डाव्या कानातलं काढून स्वतःच्या कानात घातलं.
मान हलवली. बोटंही हलली काउंटरवर.
"आहे की, काका. तबला इकडं आहे."

त्या कानाचं मी कुणाला सांगत नाही.
मशीन डाव्या हाताला होतं, एवढंच.

त्याने बाजू बदलून दिल्या. आता नुसता तबला,
दिघे गायब, पेटी गायब,
रिकाम्या कँटीनमध्ये कुणीतरी एकटंच वाजवतंय असा.
माणसाने निवडायचं काय मग?

"थांबा," म्हणाला. गल्ल्यावरचे ओसवाल कुरकुरले.
त्याने वायर कापली, नवीकोरी, मला विचारलंसुद्धा नाही.
दोन रेझिस्टर, तांदळाएवढे. राळेचा धूर.
डाग लखलखीत बसला, एकही गोळी नाही.
मी फिटर माणूस, मला डाग कळतो.
दोन्ही बाजू त्याने एका कानात आणून सोडल्या.
"वायरचे सत्तर. डाग द्यायचे काही नाही."
"गॅरंटी?"
ओसवाल म्हणाले, "प्लेअरची सहा महिने. याने कापलंय त्याची यालाच विचारा."

मनपाहून बस सुटली. डावा कान खिडकीला दिला:
घ्या, हॉर्न, ब्रेक, सगळं तुम्हाला.
उजव्यात दिघे, पेटी, आणि मी.

अरे, हे काय.
मी तर पळतोय.
दिघे बिचारे विलंबितात जीव ओतायला बसलेले
आणि मी त्यांना ढकलत, ढकलत, जिन्यावरून उतरवल्यासारखा.
मागून कुणीतरी स्पष्ट म्हणतंय, "हळू, बोरुडे, हळू!"
मला वाटलेलं ती दाद आहे.
पुढे कितीतरी वर्षं सगळे सांगत होते, लय धर,
आणि मी त्यांच्याच कानात दोष काढायचो.

दापोडीच्या पुलाजवळ बटण चाचपलं.
टक्. परत पहिल्यापासून.
आता मांडीवर ठेका धरला, सावकाश,
एकेक मात्रा नीट ठेवत, जसं ठेवायला हवं होतं.
शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या.
तो बेचाळीस वर्षांचा. ऐकतो कुठला.
समेवर आधी तोच पोचला.
मी आपला मागून.