बाटल्यांची कड

दसरा झाला, जमीन अजून मऊ आहे,
तेवढ्यात दारापुढचे दोन वाफे उकरून घ्यावेत म्हटलं.
पावसानं माती पार चिऱ्याच्या पायरीवर आणून टाकलेली,
अबोली बुडख्याशी लाकूड झालेली,
आणि क्रोटन, कुणी विचारलं नव्हतं तरी,
खिडकीतून घरात बघू लागलेले.

वाफ्यांना कड आहे ती बाटल्यांची.
उलट्या पुरलेल्या, बुडं वर,
हिरव्या, तपकिरी, दोन निळ्या.
बोरीत पुष्कळांच्या दारात असतात तशा.
फक्त आमच्या दारातल्या सगळ्या
एकाच माणसानं रिकाम्या केल्या.

तो आज पाटावर बसून त्या उपसतोय,
गुडघा एका बाजूला सोडून.
गळ्यातून मातीची कांडी निघते, ओली, सुबक.
एकीतून गोगलगाय.
बादलीत बुडवतो, काथ्यानं घासतो,
उन्हात उभी करतो.
मोजत नाही.
मी मोजते. एकशे अडतीस.

प्रज्योत शाळेत गेला त्या वर्षी डावा वाफा पुरा झाला.
उजवा दोन हात अपुरा.
तिथवर आला आणि थांबला.
का, ते त्यानं सांगितलं नाही,
मीही कधी म्हटलं नाही,
कड तेवढी पुरी करा.

एर्मेलिंद कुंपणावरून बघत होती.
आत जाऊन शिरक्याच्या पाच बाटल्या घेऊन आली,
"घे गो, बुराक बुजव."
जाताना अबोलीच्या फांद्या नेल्या.
बाटल्या मी जिन्याखाली ठेवल्या.

दुपारी नरकासुरवाली पोरं आली.
उपटलेलं गवत द्या, पोटात भरायला हवं.
दोन पोती दिली.
लाजाळू आहे त्यात, काटे सांभाळा, म्हटलं,
तर सगळ्यांत लहान होता तो म्हणतो,
त्याला कुठं टोचतंय!

मग राख, शेण, सुंगटांची सालं,
वर पानांचा चुरा.
मांजर माडाखाली बसून
सगळं लक्षात ठेवत होतं.

ऊन उतरल्यावर त्यानं सुतळी ताणून
बाटल्या पुन्हा पुरल्या.
पहिल्या वेळी रेघ झोकांड्या खात गेली होती,
आता सरळ.
शेवटचे दोन हात उघडेच.

"इथं काय लावायचं?"
हात धुताधुता विचारलं, माझ्याकडं न बघता.

काही नको, म्हटलं.
पाणी घालायला मी तिथूनच आत शिरते.