बावीस स्क्रू

चाळीस हजार यंत्रं माझ्याशी बोलतात.
बोलतात म्हणजे काय, आकडे पाठवतात:
किती फेरे, किती अंश, किती थरथर.
द्रावा नदीकाठच्या या गावात, तिसऱ्या मजल्यावर
मी, नेझा कोलारिच, कॉफी गार करत बसते
आणि धुलाई यंत्रांच्या नाड्या बघते.

आधी एक रकाना पुसला.
ग्राझमध्ये कुणीतरी रोज पहाटे तीनला चादरी धूत होतं,
साठ अंशांवर, सलग सात महिने.
आठव्या महिन्यात थांबलं.
हे मला कळायला नको होतं.
थरथर पुरे मला. वेळ ज्याची त्याच्यापाशी राहू दे.

मग थरथरीच्या रेघा एकावर एक ठेवल्या.
सहाव्या वर्षी, कधी त्याच्या जरा आधीच,
रेघ चढत जाते खोकल्याच्या उबळीसारखी
आणि तुटते.
कुठेतरी पाणी मुरत होतं,
आणि ते खरोखरचं पाणी होतं,
रबरी कड्यातून बेअरिंगमध्ये, थेंबाथेंबानं.
बेअरिंग तळहाताएवढंही नाही. नऊ युरोंचं.
पण टब आम्हीच वितळवून जोडलेला,
उघडायची सोयच नाही.
नऊ युरोंपायी सत्तर किलोंची अंत्ययात्रा.
तो सांधा मीच आखला होता.
त्या वर्षी बक्षीसही मिळालं होतं मला.

एकच रेघ ऐकत नव्हती.
४०७१८. चढली, तुटली, एकोणीस दिवस गप्प.
विसाव्या दिवशी परत आली,
झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखी संथ.
ठिकाण: कुमासी, घाना.
आमच्या नकाशावर तिथे दुकान नाही, मेकॅनिक नाही,
माल विकल्याची नोंदसुद्धा नाही.

फोन लागायला आठवडा गेला.
ओपारे नावाचा माणूस, मागे वेल्डिंगची चरचर.
"हो, मीच. करवतीनं कापला टब.
बेअरिंग मोटरसायकलचं, मापात बसलं.
परत जोडायला भोकं पाडली, बावीस.
तुम्ही लोक यंत्रं अशी शिवून का टाकता हो?
माझी बायको विचारते, आत काही लपवलंय का?"
मी म्हटलं, बावीसच का?
तो हसला.
"मोजून घेतली. एक जुनाट यंत्र पडलंय माझ्याकडे,
तुमच्याच कारखान्याचं, एकोणनव्वद सालचं.
ज्या देशाचा शिक्का आहे त्याच्यावर
तो देश आता नाही म्हणतात.
त्याला बावीस होते."

तळघरात गेले. दमट गुंडाळ्या, उंदरांनी कुरतडलेल्या कडा.
तिसऱ्या कपाटात सापडला आराखडा:
बावीस वर्तुळं, पेन्सिलीची,
कोपऱ्यात सही, लागत नाही ती.
हा डेटा कुणी कधी अपलोडच केला नव्हता.

सोमवारी बैठक. हिशेबाचा माणूस म्हणाला,
स्क्रूंचे यंत्रामागे एक युरो चाळीस सेंट जास्त.
मी चाळीस हजार रेघा भिंतीवर टाकल्या.
त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"बघू."
बघू म्हणजे नाही, एवढं तर कुठल्याही भाषेत कळतं.

तरी नवा आराखडा उघडलाय.
सांध्याची रेघ खोडली. पहिलं भोक आखलं, दुसरं आखलं.
"रचना कुणाची" या रकान्यात काय लिहावं
ते ठरत नाहीये.
पडद्यावर ४०७१८ फिरतंय, बाराशे फेऱ्यांवर.
कपडे कुणाचे, ठाऊक नाही.
कॉफी परत गार झाली.