चौकटींचा कागद

हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्ट्याला लावा, हलू नका.
हे मला नवं नव्हतं.
बांधकाम खात्याच्या नकाशाघरात एकतीस वर्षं
मी श्वास धरूनच रेघ ओढली.
रुलिंग पेनात शाईचे दोन थेंब;
श्वास सुटला की रेघ जाड व्हायची
आणि सक्सेनासाहेब काही न बोलता
ब्लेड पुढे सरकवायचे.

इथे रेघ नव्हती, ठिपके होते.
हिरवे, एकामागून एक,
टिच् टिच् टिच्,
जुन्या नकाशाला सुईने भोकं पाडून
खालच्या कागदावर गाव उतरवून घ्यावं तसे.
मी मोजत होते. चारशे बारानंतर चुकले.
"बस, माताजी, थोड़ा और," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
त्या माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असतील.

मग जग जांभळं झालं.
कंपूपासून फालका बाजारापर्यंत
नीलम कुशवाहच्या स्कूटीवर मागे बसून
मी एका जांभळ्या शहरातून घरी आले.
जांभळे पेरू, जांभळा हवालदार,
जांभळ्या गाईला वळसा.
नीलमची वेणी तेवढी काळीच होती,
तिच्याकडे बघत राहिले.

रात्री रंग उतरला.
मागे उरली ती पाणी सांडलेल्या ट्रेसिंग कापडासारखी
फुगलेली, दुधी खोली.

कडेचं जाळलंय, म्हणजे मधलं जगेल.
गेलं ते येणार नाही,
आहे ते राहावं म्हणून हे सगळं.
हिशेब मला पटला.
वाळवी लागलेल्या नकाशांचे समास कापून
आतली गावं वाचवलीत मी स्वतः.
पण समासात काय काय राहत होतं
ते हळूहळू कळत गेलं:
डावीकडून येणारी सायकल,
ताटाशेजारची ताकाची वाटी,
आणि दारात न बोलता उभा राहणारा माझा भाऊ,
ज्याला मी पंधरा दिवसांत तीनदा विचारलं,
कधी आलास?

फ्रिजवर चौकटींचा कागद लावलाय, मधोमध ठिपका.
रोज सकाळी एक डोळा झाकायचा,
ठिपक्याकडे बघायचं
आणि रेघा सरळ आहेत का ते सांगायचं.
घरात एकटीच असले तर कुणाला,
ते त्यांनी सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी ठिपक्याच्या उजवीकडे
तीन रेघा खचल्या,
कुणी अंगठा दाबावा तशा.
मी गच्चीवर गेले.
किल्ल्याच्या तटाएवढी लांब आडवी रेघ
ग्वाल्हेरात दुसरी कुणी ओढलेली नाही.
तिलाही तीच खाच.
नजर सरकवली की खाचही
तटावरून चालत जायची,
गस्तीवरच्या शिपायासारखी.
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
ऊन चढेपर्यंत फिरवला त्याला.

फाल्गुनापर्यंत ती उथळ झाली.
गेली असं म्हणत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणतात, सूज ओसरतेय,
साखर सांभाळा.
सांभाळते. चहा आता औषधासारखा पिते.

रात्र मात्र पूर्वीसारखी परत आली नाही.
संध्याकाळी सातनंतर
जिन्याच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात,
शेवटची तर नसतेच.
म्हणून एका रविवारी नीलमने
न विचारता, तिच्या दुकानातला उरलेला रंग आणून
प्रत्येक पायरीच्या कडेला
पांढरी पट्टी ओढली.

तिसऱ्या पायरीवरची पोटात वाकलेली.
उजवा डोळा झाकला: वाकडी.
डावा झाकला: वाकडी.
कठडा धरून उभी राहिले.
आता दुसऱ्या डोळ्यातही?
विचारायला धीर होईना,
आणि न विचारता खाली उतरवेना.

"टेढ़ी ही है, आंटी," जीभ चावत ती म्हणाली,
"हाथ हिल गया था मेरा. दुबारा कर दूँ?"

इतकी हसले की ती घाबरली.
कितीतरी महिन्यांनी एक वाकडी रेघ
माझी नव्हती.

नको गं, म्हटलं, वाळलीय आता.
ब्लेड अजून आहे माझ्याकडे,
कंपासपेटीत, तेल लावून ठेवलेलं.
काढलं नाही.